कोठीच्या दाराची चौकट

अर्ज मीच लिहिला. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नाही. एलवर्डिनच्या शाळेच्या कचेरीत मी तीस वर्षं पत्रं लिहिली, आणि एनिड प्रीसचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, असं गावात अजून म्हणतात. म्हणोत बापडे. मला आता ते अक्षर बघवत नाही.

चौकातलं काळ्या तुळयांचं, एका बाजूला कललेलं घर म्हणजे गिल्डहाऊस. पाचशे वर्षांपूर्वी लोकर विकणाऱ्यांच्या संघानं ते बांधलं. पुढे कुणीतरी आत भिंती घालून त्याची तीन बिऱ्हाडं केली. मधल्या बिऱ्हाडात आम्ही राहायचो: आई, वडील, माझा भाऊ क्लेम आणि मी. वडील लाकडाच्या वखारीत सुतार होते. दर वर्षी ऑगस्टच्या सुट्टीच्या सोमवारी ते क्लेमला स्वयंपाकघरातल्या कोठीच्या दारात उभं करायचे, डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या टेकवायचे आणि कानावरची जाड पेन्सिल काढून चौकटीवर रेघ मारायचे. मला मात्र "तू अजून लहान आहेस" म्हणून नुसतं बघायला लावायचे. त्याचा मला भयंकर राग यायचा.

पंचावन्न सालच्या ऑगस्टात क्लेम नऊ वर्षांचा होता आणि मी सहाची. त्या दिवशी लबाडानं टाचा उचलल्या. वडिलांनी रेघ मारली, आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या आईनं मान न वळवता सांगितलं, "क्लेम, टाचा खाली!" वडील एवढे हसले! मग त्यांनी खाली दुसरी, खरी रेघ मारली आणि वरची खोडून टाकली. त्यानंतर बारा दिवसांनी क्लेमला पोलिओ झाला. चौथ्या दिवशी, श्रूजबरीच्या इस्पितळात, तो गेला.

आईनं मागच्या अंगणात त्याचं सगळं जाळलं. गादी, वह्या, वडिलांनी केलेलं लाकडी इंजिन, टोपीसुद्धा. रोग लागेल म्हणून तेव्हा सगळेच जाळायचे. शाळेचा एक फोटो राहिला, पण त्यात ऐन वेळी त्यानं मान फिरवलेली आहे, नुसता पांढुरका ठिपका दिसतो. आणि घरात त्याचं नाव पुन्हा कधी निघालं नाही. आई चहा ओतायची आणि आज वारा किती सुटलाय ते सांगायची. वडीलही वाऱ्याबद्दलच बोलायचे. आमच्याकडे दुःख असंच करतात. मीही तसंच करायला शिकले, आणि चांगलं शिकले.

पाच वर्षांपूर्वी गिल्डहाऊस पाडून तिथं गाड्या लावायला जागा करायचं ठरलं. घर रिकामंच पडलं होतं. पाहणीला आम्ही दहाबारा गावकरी आत गेलो. माझ्या हातात टॉर्च होता. आमच्या स्वयंपाकघराला कुणी हिरवा रंग दिला होता, कुणी पिवळा, पण कोठीच्या आतल्या अंगाला रंग द्यायची तसदी कुणी घेतली नव्हती. चौकटीवर क्लेम होता. तीन रेघा, आणि सगळ्यात वरची खोडलेली चौथी.

"काय गं, रडतेस की काय?" मागून बेरिलनं विचारलं. बेरिल ही शाळेपासूनची माझी मैत्रीण, दिवसभर तोंड चालू.

"धूळ गेली डोळ्यात," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी कंबर कसली. सह्या गोळा केल्या, नगरपालिकेच्या लोकांशी भांडले. "आपला वारसा, आपला वारसा" असं ओरडून माझा घसा बसायचा. बेरिल आणि मी चार वर्षं दर शनिवारी चर्चच्या दालनात टेबल मांडून केक विकले. लोकांना वाटायचं, या बाईला जुन्या इमारतींचं वेड लागलंय. मला कसलं आलंय वेड! मला एक लाकूड हवं होतं. पण ते मी कुणाला सांगितलं नाही. साठ वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही, त्याचं नाव केकच्या टेबलावर कसं घ्यायचं? फोटोही काढला नाही. घर वाचलं की रोज जाऊन बघता येईल, फोटो हवाय कशाला, असं वाटायचं. मूर्ख बाई.

शेवटी एका न्यासानं दुरुस्तीची तयारी दाखवली. पण शेजारच्या गावची पाणचक्कीही त्यांच्याच यादीत होती, आणि दोन्हींतली एकच होणार होती. न्यासाची वास्तुतज्ज्ञ इमोजेन, तिशीतली, मनानं चांगली मुलगी, आमच्या समितीला अर्ज कसा लिहायचा ते समजवायला आली.

"हे बघा मिसेस प्रीस, त्यांना मूळची बांधणी हवी असते," ती म्हणाली. "आत पुढेमागे झालेली ढवळाढवळ महत्त्वाची नाही, असं स्पष्ट लिहा. पाणचक्कीवाले नेमके तिथंच अडखळलेत, नंतरचं काही काढायला तयार नाहीत."

"लिही गं एनिड, तुझ्या मोत्यांसारख्या अक्षरात," बेरिल म्हणाली. "त्या चक्कीवाल्यांची जिरली पाहिजे."

मग काय, मला चेव चढला. मी लिहिलं: 'नंतरच्या काळात घातलेल्या भिंती, दारं व चौकटी टाकाऊ असून, त्या काढल्यास मूळ सभागृह मोकळं होईल.' टाकाऊ हा शब्द इमोजेननं सांगितलेला नव्हता. तो माझा. खाली झोकात सही केली.

शपथेवर सांगते, लिहिताना माझ्या मनात आमची कोठी आलीच नाही. ढवळाढवळ म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केलेलं काहीतरी, असंच डोक्यात होतं. आमचं स्वयंपाकघर म्हणजे गिल्डहाऊसच की! तिथं आम्ही राहत होतो, तिथं आई उभी असायची. ते नंतरचं कसं असेल?

आम्ही जिंकलो. चर्चच्या घंटा वाजवल्या, बेरिलनं मला मिठी मारली. घराभोवती पत्रे लागले आणि आत जायला बंदी झाली. मी रोज पत्र्यांपर्यंत जायची, आतली ठाकठूक ऐकायची आणि खूश होऊन घरी यायची.

पाच नोव्हेंबरला, देशभर गावोगावी जाळ करतात त्या रात्री, हिरवळीवर नेहमीसारखी होळी पेटली. यंदा ढीग दुप्पट उंच होता. मी आल्याचा केक करून नेला होता. वाळलेलं जुनं लाकूड, धूर नाही की काही नाही, काय सुंदर पेटलं! थंडी मी म्हणत होती. मी अगदी पुढे जाऊन हात शेकले.

"यंदा लाकूड झकास मिळालंय," मी बेरिलला म्हटलं. "गेल्या वर्षीचं ओलं होतं, नुसता धूर."

"तरी तुझा केक कोरडाच," ती म्हणाली. आम्ही खूप हसलो.

पुढच्या बुधवारी समितीला आत बोलावलं. डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून आम्ही आत शिरलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच उंच सभागृह होतं, वर ओकच्या कमानी, भिंतींना ताजा चुना. सगळ्यांनी आ वासला. खोटं कशाला बोलू, देखणंच होतं. मी आमचं स्वयंपाकघर शोधत होते. चूल कुठं होती, खिडकी कुठं होती, काही लागेना. कोपऱ्यात लेन सुतार तासणीनं लाकूड तासत होता.

"लेन, इथं एक कोठी होती," मी म्हटलं. "तिच्या दाराची चौकट कुठं ठेवलीय?"

"कुठली ती? पाइनची?" लेन हसला. "ती हलकी लाकडं होती हो बाई. भिंतींच्या फळ्या, चौकटी, सगळं होळीला दिलं. तुम्हीच तर म्हणालात म्हणे, यंदा लाकूड झकास आहे!"

मी इमोजेनवर धावून गेले. लाज वाटेल असं ओरडले. "कुणाला विचारून काढलंत? कुणी सांगितलं तुम्हाला? माणसं राहत होती इथं!"

तिचा चेहरा उतरला. तिनं फाईल उघडली आणि एक कागद पुढे धरला. "मिसेस प्रीस, हे... हे तुमचंच अक्षर ना?"

हो, माझंच. एकेक अक्षर कसं छापल्यासारखं. टाकाऊ.

मग मी सांगितलं. तिथंच, चुन्याच्या पिंपावर बसून, चौसष्ट वर्षांनी पहिल्यांदा. माझा भाऊ होता, क्लेम नावाचा. त्याच्या उंचीच्या रेघा होत्या. त्याचं दुसरं काहीही नाही, कुठेच.

बेरिलच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अगं पण बोलली का नाहीस? चार वर्षं माझ्या शेजारी बसलीस! मला एक शब्द बोलली असतीस, तर मी ते लाकूड स्वतः उपटून आणलं असतं!"

तिला काय सांगणार? मी आईसारखी हवापाण्याबद्दल बोलत होते. दर शनिवारी मी हवापाण्याबद्दलच बोलत होते.

इमोजेन माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. "आपण एक करू," ती म्हणाली. "तुमची कोठी होती तिथं जवळच हा खांब आहे. त्याच्यावर त्याची खूण परत करू. परवानगी मी काढते, कुणी नाही म्हणणार नाही. फक्त उंची सांगा."

लेननं कानावरची पेन्सिल काढली आणि खांबापाशी जाऊन उभा राहिला. "सांगा बाई. कुठपर्यंत?"

मी उठले. खांबापाशी गेले, हात वर केला. डोक्याच्या वर धरला, कारण क्लेम मला नेहमी तेवढाच उंच दिसायचा. पण मी तेव्हा सहा वर्षांची होते. मग हात खांद्यापाशी आणला. मग छातीपाशी. नऊ वर्षांचा मुलगा एवढा असतो का? की एवढा? तो बारीक होता एवढं आठवतं, पण उंच होता की बुटका? लेन पेन्सिल टेकवून वाट बघत होता.

"असू दे, लेन," मी शेवटी म्हटलं. "मला माहीत नाही."