मोठ्या पायांची कोंबडी

मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. वर दुधी काच, आत एक ट्यूब आणि कडेला एक बटण, एवढाच माझा संसार. माझ्यावर एक चित्र ठेवायचे, त्यावर कोरा कागद अंथरायचा आणि बटण दाबायचे. खालच्या रेघा वर दिसू लागतात, मग त्यांवरून पेन फिरवायचे. काम साधे आहे. पण मित्रांनो, या साध्या कामातून माणसाचे मन किती दुखावू शकते, ते मी माझ्याच काचेवर पाहिले आहे.

मला एका सुताराने घडवले. माझी काच कुणाच्या तरी न्हाणीघराच्या खिडकीची उरलेली, त्यामुळे मला स्वतःला आरपार काही दिसत नाही, असे या घरातले बाबा थट्टेने म्हणत. त्यांनी मला छपाईच्या खोलीत खिडकीपाशी बसवले. या घराचा धंदा कापडी पिशव्यांचा. आई पिशव्या शिवणार, ताई चित्रे काढणार आणि बाबा ती जाळी ताणलेल्या चौकटीतून शाईने पिशव्यांवर छापणार. ताईचा हात फार देखणा. तिची रेघ पाहून पट्टीनेही मान खाली घालावी. गिऱ्हाइकांनी तिचे कौतुक केले की माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचे.

बिट्टी या घरातली धाकटी. आता वीस वर्षांची आहे, पण तिला सगळेच उशिरा आले. चालणे उशिरा, बोलणे उशिरा. वाचताना ती अजून अक्षराला अक्षर जोडत जाते. दोन कामे एकदम सांगितली तर दोन्ही विसरते. शाळेने तिच्यापुढे हात टेकले, घराने मात्र टेकले नाहीत. आईने तिला छपाईच्या खोलीत स्वतःचे टेबल दिले आणि पिशव्यांच्या घड्या घालायला शिकवले.

एक दिवस घड्या घालता घालता तिने रद्दी कागदावर कोंबडी काढली. शेपटीपासून सुरुवात केली आणि पेन न उचलता चोचीपर्यंत पोचली. रेघ कुठे जाड, कुठे थरथरलेली. आणि पाय तर अंगाहूनही मोठे!

"अगं, हे पाय आहेत की फावडी?" बाबांनी विचारले.

"पडू नये म्हणून," बिट्टी गंभीरपणे म्हणाली.

आई हसता हसता डोळे पुसू लागली. बिट्टीची चित्रे पिशव्यांवर छापायची, असे तिथल्या तिथे ठरले. त्या दिवशी बिट्टी जेवायलासुद्धा पेन घेऊन बसली.

छापण्याआधी चित्र स्वच्छ उतरवून घ्यावे लागते. ते काम ताईचे आणि माझे. "एवढी एकच रेघ सरळ करते, छापायला बरं पडेल," असे ती पहिल्यांदा म्हणाली. मग चोच टोकदार झाली. मग पोट गोल झाले. शेवटी पायही लहान झाले. बोट दिले की हात धरावा, तसे या नीटनेटकेपणाचे असते. खालचा आणि वरचा कागद एकदम फक्त मला दिसायचे. खाली बिट्टीची भक्कम कोंबडी, वर ताईची नाजूक. मला बोलता येत नाही हे खरे, पण तेव्हा मला बोलावेसेही वाटले नाही. वरचीच मला जास्त सुबक वाटत होती. आज त्याची लाज वाटते.

पिशव्या हातोहात खपल्या. प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी बांधलेली असे: 'हे चित्र बिट्टीने काढले आहे.' त्या चिठ्ठ्या बांधायचे काम ताई नेहमी आईकडे ढकलायची. "तू बांध गं, मला गाठी जमत नाहीत," म्हणायची. इतकी बारीक रेघ काढणाऱ्या पोरीला गाठ कशी जमत नाही, असे आईने कधी विचारले नाही.

मग एक दिवस पुस्तकांच्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या. त्यांना पुष्कळ पिशव्या हव्या होत्या. बाई मनाने चांगल्या. "मला हिला चित्र काढताना बघायचंय," म्हणाल्या. बिट्टीला आभाळ ठेंगणे झाले. तिने सगळ्यांसमोर शेपटीपासून कोंबडी काढली आणि तिला ऐसपैस पाय दिले.

बाई जरा गोंधळल्या. "छान हं," त्या म्हणाल्या. "पण पिशवीवर आहे तशी काढ ना, बाळा."

बिट्टीने पिशवी हातात घेतली. बराच वेळ पाहिली. "ही ताईची आहे," ती म्हणाली.

बाबा उगाच शाईचा डबा ढवळू लागले. आई सुईत दोरा ओवू लागली. ताईच्या चेहऱ्यावर लाली चढली, तरी ती हसली. "अगं वेडाबाई, तुझीच आहे! विसरलीस होय?"

बिट्टी विसरभोळी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. तिलाही ठाऊक. म्हणून तिने ताईचे ऐकले.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी खोलीत आली. तिने पिशवीसाठी उतरवलेले चित्र माझ्यावर ठेवले, वर कोरा कागद ठेवला आणि बटण दाबले. जीभ दातांत धरून ती ताईची कोंबडी गिरवू लागली. पेन इतके दाबत होती की कागद फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. असे किती दिवस चालले! स्वतःची सगळी जुनी चित्रे तिने शाई पुसायच्या रद्दीत टाकली. बाबांनी चौकट पुसायला एक कागद उचलला आणि मोठ्या पायांवर शाई फिरणार, तेवढ्यात ताईने तो हिसकावून घेतला.

"हे रद्दीत कुणी टाकलं?"

"मी," बिट्टी मान वर न करता म्हणाली. "ती चित्रं चुकलीत. माझा हात चुकतो. आता बरोबर शिकतेय."

ताई तो कागद घेऊन तिच्याजवळ आली. "बिट्टे, तुझा हात नाही चुकला," ती म्हणाली. "पिशवीवरची कोंबडी माझीच आहे. मी तुझी बदलली. तुला विचारलं नाही. आणि वर तूच विसरलीस म्हणून खोटं बोलले."

"का?"

"लोकांना आवडावी म्हणून."

"मला आवडत होती," बिट्टी म्हणाली.

"बदललेलं आम्हालाही दिसत होतं गं," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. आईने तर शिवणावरून मानच वर केली नाही.

ताईने बाईंना खरे सांगितले. बाईंनी बिट्टीच्या कोंबडीच्या पिशव्या मागवल्या, पण निम्म्याच. त्यासाठी ताई जुने चित्र माझ्यावर ठेवून जसेच्या तसे उतरवायला बसली. तिला ते जमेना! रेघ थरथरली की हात आपोआप सावरायचा. पाय पुन्हा पुन्हा लहान व्हायचे. बिट्टी मागे उभी राहून बघत होती.

"पडेल ती," बिट्टी म्हणाली. "तुला नाही येत. सरक."

ताई उठली. बिट्टी बसली, पण तिने पेन उचलले नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही बरेच दिवस नाही. ताई रोज एक कोरा कागद माझ्यावर ठेवायची आणि काही न बोलता आपल्या कामाला लागायची. क्षमा मागून झाली म्हणजे झालेले पुसले जात नाही, हे मी त्या कोऱ्या कागदांखाली शिकले.

मित्रांनो, कुणाचे चित्र तुमच्या हाती आले, तर ते सुधारायच्या आधी ज्याचे आहे त्याला विचारा. तो हळू बोलत असेल, तर उत्तर येईपर्यंत थांबा. तुम्ही प्रेमाने केले असले, तरी विचारा.

काल बिट्टी येऊन माझ्यासमोर बसली. ताईने सवयीने माझे बटण दाबले.

"दिवा नको," बिट्टी म्हणाली आणि तिने तो बंद केला.

मग तिने शेपटीपासून सुरुवात केली. माझ्या काचेवर तिच्या पेनाचा दाब मला कळत होता. पायांना सगळ्यांत जास्त वेळ लागला.