आच चढत असताना

करंगळी वाकडी होती. डावी, पहिल्या पेराशी बाहेर वळलेली, ओल्या मातीचा एक ओघळ तिच्यावरून मनगटाकडे उतरलेला – आणि शकुनने मांडीवरच्या पत्रिकेतल्या त्या करंगळीशेजारी स्वतःची करंगळी ठेवून पाहिली, सकाळपासून चौथ्यांदा. तीच. सातवीत असताना मिरजेच्या घरी दाराच्या फटीत सापडलेली, आईने हळदीचा लेप लावून फूटपट्टीच्या तुकड्याला बांधलेली आणि मग तशीच वाकडी जुळलेली. फोटोतल्या हातांखाली इंग्रजीत छापलं होतं, वैदेहीचं नाव, आणि त्याखाली ‘वैदेहीची पद्धत’ – संथ चिनी हालचाली आणि चाकावरची माती, थांबलेल्या हातांसाठी. शनिवार, दुपारी तीन, बागबाजार.

कलकत्त्याच्या मेट्रोत डमडमलाच जागा मिळाली होती. स्टेशनं मोजकीच होती, पण तेवढ्या वेळात राग यायला हवा होता आणि येत नव्हता. येत होतं ते काहीतरी दुसरंच, लाजेसारखं, आपणच कुठेतरी पकडले गेल्यासारखं. पत्रिका वैदेहीने दिलीच नव्हती. दिली स्मिताने, वैदेहीच्या आईने, परवाच्या हळदीकुंकवाला, तिळगुळाबरोबर. “तुला माहीत असेलच म्हणा,” स्मिता म्हणाली होती, “तुझ्याकडेच तर शिकली. पण आपलं माझ्या हातून.” आणि शकुन म्हणाली होती, “हो, माहीत आहे.” का म्हणाले मी तसं? चार बायका बघत होत्या म्हणून? की त्या क्षणी, हातात हलवा घेऊन, आपल्याला सांगितलं गेलं नाही हे कबूल करणंच जास्त जड गेलं म्हणून... निघताना नवऱ्याने, शशिकांतनेही, विचारलं होतं. रेल्वेच्या गार्डन रीचच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून तो दाराशी उभा राहून सगळ्यांची जाणीयेणी विचारतो. “वैदेहीचा कार्यक्रम? मग तू बोलणार असशील.”

“नाही,” ती म्हणाली, “मी ऐकणार आहे.”

बोलण्यासारखं काय होतं? ती कुंभारकाम करणारी बाई, तीस वर्षं, नवऱ्याची बदली होईल त्या गावी चाक उचलून नेलेली. आणि चार वर्षांपूर्वी आई गेल्यावर तिला माती मध्यावर बसवता येईनाशी झाली. एवढंच. गोळा चाकावर ठेवायचा, पाणी घ्यायचं, तळहात टेकवायचे, आणि गोळा डगमगत राहायचा, नवशिक्यासारखा, एका बाजूला फेकला जायचा. दोन वर्षं. डॉक्टरने हात तपासले, हातांत काही नव्हतं. मग टिरेटा बाजारच्या त्या चिनी पार्लरमध्ये केस कापताना ल्यू आंटी कात्री थांबवून म्हणाली, “गर्दन में क्या पकड़ के रखा है?”

सत्तरीची ल्यू आंटी, चार पिढ्या कलकत्त्यात. ती पहाटे पार्लरच्या गच्चीवर ताई-ची, म्हणजे त्याच संथ चिनी हालचाली, करायची, आणि शकुनला तिने पहिले तीन महिने नुसतं उभं केलं. झाडासारखी उभी राहू का, असं शकुनने विचारलं तर म्हणाली, झाडाला काय कळतं, तू उभी राहा. “कमर से करो. हाथ तो नौकर है.” हे वाक्य घेऊन शकुन घरी आली, चाकापाशी बसली, आणि तळहातांनी मातीला दाबलं नाही – श्वास सोडत कंबर खाली जाऊ दिली, वजन बैठकीतून पाठीत, पाठीतून खांद्यात, खांद्यातून उतरत उतरत मातीत, जणू हात मध्ये नव्हतेच. गोळा थरथरला आणि गप्प झाला. अगदी गप्प. फिरतोय हेही कळू नये इतका. ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली होती, चाक थांबवायचंही न सुचून.

वैदेही त्याच सुमारास आली. इथेच जन्मलेली, जाहिरातींची चित्रं काढून काढून विटलेली, मराठी बोलताना अडखळणारी. शकुनने जे मिळालं ते जमेल तसं तिला दिलं: आधी उभं राहणं, मग संथ हालचाली, मग डोळे मिटून चाक, आणि शेवटी मनगटाला मनगट लावून जोडीने करायचा तो सराव. समोरचीचं वजन कुठे आहे, ती कधी पुढे येणार, कधी नुसती येण्याचं सोंग करतेय, हे फक्त कातडीने ओळखायचं. वैदेही हसायची. “ताईंची ताई-ची,” म्हणायची. हा विनोद जमला तेव्हा आपलं मराठी सुधारलं म्हणून किती खूष झाली होती... आंटी मुलांकडे टोरांटोला निघून गेली, आणि मग त्या दोघीच उरल्या, डमडमच्या गॅरेजमध्ये, रोज सकाळी सहाला.

बागबाजारच्या त्या घराचा तळमजला गच्च भरला होता. शकुन मागच्या रांगेत बसली. स्मिता पहिल्या रांगेत, नव्या साडीत. वैदेही बंगालीत बोलत होती, अधूनमधून इंग्रजी, चांगलं बोलत होती, घाई नव्हती. तिने सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. गुडघे सैल, कंबर खाली. शकुनचं शरीर विचारायला थांबलंच नाही, ते आपोआप खाली गेलं, आणि तिला त्या शरीराचा संताप आला, कुणाच्याही हाकेला ओ देणाऱ्या. मग वैदेही चाकाशी बसली. श्वास, कंबर, वजन. गोळा गप्प झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिने मान हलवून त्या थांबवल्या आणि म्हणाली, “आमार हात दुटो बोबा होये गियेछिलो.”

माझे हात मुके झाले होते.

शकुनला आधी मराठीच ऐकू आलं. हे तिचं वाक्य होतं, गॅरेजमधल्या बाकावर बसून, चहा निवत असताना, एकदाच उच्चारलेलं; शशिकांतलाही न सांगितलेलं. ते बंगाली कपडे घालून समोर चालत आलं होतं आणि चाल तीच होती. मग पुढची वाक्यंही आली, एकामागून एक, ओळखीची. भट्टी लावलेली होती. नवी झिलई होती, आच चढत होती, तिच्यावरून डोळा हलवायची सोय नव्हती. फोन टेबलावर होता. आजीचा फोन. तीनदा वाजला. संध्याकाळी भट्टी बंद करून उलटा फोन केला तेव्हा तो काकाने उचलला...

आजी. तिने आईच्या जागी आजी घातली होती. बाकी सगळं तेच – मिरज गाळलेलं, फोन उचलणाऱ्या सुधाकरचा, शकुनच्या भावाचा, फक्त काका झालेला, पण फोन उशाखालून निघाला हेसुद्धा तसंच. अशी गोष्ट उचलायची तर आई मारणं तिला जड गेलं असेल, आई पहिल्या रांगेत बसली होती. एवढी काळजी तिने घेतली होती.

आणि मग वैदेही थांबली. मातीचे हात मांडीवर ठेवून हळू म्हणाली की ती सगळ्यांना सांगायची, फोन ऐकूच आला नाही, पंख्याचा आवाज होता. ते खरं नव्हतं. ऐकू आला होता. नाव दिसत होतं. तिन्ही वेळा दिसलं. आणि मी म्हटलं, आच चढतेय, नंतर.

हे शकुनने सांगितलं नव्हतं. वैदेहीला नाही, कुणालाच नाही. पंख्याचा आवाज, एवढंच सांगितलं होतं, आणि इतक्या वेळा की आता पंखाच जास्त आठवायचा. पण आठवत नव्हतं असं कसं म्हणू... स्क्रीनवरची ती दोन अक्षरं, ‘आई’, टेबलावर थरथरत कडेकडे सरकणारा फोन, आणि आपण तो पडू नये म्हणून बोटाने आत लोटला होता. उचलला नव्हता, आत लोटला होता.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई उठली, चाकापाशी गेली आणि तिने वैदेहीचं डोकं पोटाशी धरलं. “आजीला कळलं असेल गं बाळा,” ती बंगालीत म्हणाली, “त्यांना कळतं.” खोलीत कुणीतरी नाक ओढलं. वैदेही रडत होती. खरंच रडत होती, ते खोटं नव्हतं, आणि तेच शकुनला सोसेना. चार वर्षं जी गोष्ट कुणाकडे मागायचीही हिंमत झाली नव्हती ती या बाईने किती सहज देऊन टाकली, माझ्या डोळ्यांदेखत, आणि ती माझ्या वाट्याला आलीच नाही.

लोक चहाकडे वळल्यावर स्मिताने तिला गाठलं. “बघ, आलीस ते बरं झालं. छान बोलली, नाही?” आणि मग आवाज खाली करून, “सासूबाई गेल्या तेव्हा ही दहावीत होती गं. शिकवणीला गेली होती. भट्टी कुठली आणि काय... कलेत असं चालतं का?”

“चालत असेल,” शकुन म्हणाली.

“मला आपलं वाटलं, तुला विचारावं.” स्मिता तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली, आणि मग कुणी हाक मारली म्हणून गेली.

वैदेही स्वतःच आली, हात पुसत. “शकुनताई. मागे का बसलात?”

“पत्रिकेवर माझे हात आहेत.”

“हो. तेच सगळ्यात चांगले होते.” ती खाली बघत नव्हती. “विचारायला हवं होतं, मला माहितेय. तुम्ही नाही म्हणाला असता.”

“आणि आई?”

“मी आजी म्हटलं.”

“वैदेही, मी तुला सांगितलं होतं, मला फोन ऐकू आला नाही.”

वैदेहीने फडक्याची घडी केली, पुन्हा उलगडली. “हो. तसंच सांगितलं होतंत.”

“मग?”

“ताई, तुमचं मनगट,” ती म्हणाली, अगदी मऊ आवाजात, आणि हे सांगताना तिचं मराठी कुठेही अडखळलं नाही. “तुम्ही आईचं काही बोललात की ते पुढे यायचं आणि मधेच मागे वळायचं. रोज. मी कधी विचारलं नाही. कुणीतरी ते बोलायला हवं होतं, आणि तुम्ही कधीच बोलला नसता.” तेवढ्यात तिला कुणीतरी बोलावलं. “पाच मिनिटं थांबा हं. जाऊ नका.”

शकुन थांबली नाही.

नदीचा घाट जवळच होता. घाटालगतच्या चक्ररेल लोकलचं फाटक ओलांडून ती पायऱ्यांवर बसली. जानेवारीचं ऊन पाण्यावर पातळ झालं होतं, एका होडीतून मातीची काळपट ढेकळं उतरवत होते, दोन माणसं, न बोलता. शशिकांतला सांगायला हवं. काय सांगायचं? त्या मुलीने माझी गोष्ट नेली. तो विचारणार, कुठली? मग ती सांगावी लागणार, आणि सांगायची तर आता पंख्याशिवाय. चोरी झाली म्हणून ओरडायचं तर काय काय होतं घरात ते आधी दाखवायला हवं... वैदेहीला हे कळलं असेल का? की शकुनताई कुणाकडे तक्रार करूच शकणार नाहीत? मनगटावरून एवढं कळणाऱ्याला हेही कळलं असेल. आणि मी ते मनगट तिच्या हाती दिलं होतं, रोज सहाला, स्वतःहून, विश्वासाने – की कुणीतरी ओळखावं म्हणूनच? नाही. हा विचार तिला नको होता. हा विचारसुद्धा वैदेहीचाच वाटत होता, तिच्या त्या मऊ आवाजातला.

निदान स्वतःशी म्हणून बघावं. एकदा. इथे कोण ऐकतंय. ती सरळ बसली आणि ओठ न हलवता सुरुवात केली: मी फोन पाहिला होता, नाव दिसत होतं... आणि नावापाशी आली तेव्हा जिभेवर आधी ‘आजी’ आलं.

ती दचकली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथे, क्षणभर आधी, ‘आजी’च, आणि तिच्यामागून, वाट शोधत आल्यासारखी, आई.

आता राग आला. दिवसभर बोलावून न आलेला, कुठल्याही लाजेत न कालवलेला. हातांचा फोटो नेलास, वाक्यं नेलीस, ती बाई, तिचं ते पोटाशी धरणं, सगळं नेलंस, ते ने. पण हा शब्द... तिच्या मुठी वळल्या होत्या. ती उठून उभी राहिली, आणि मागे त्या घराकडे जावं की पुढे श्यामबाजारच्या मेट्रोकडे हे ठरत नव्हतं, पण वजन दोन्ही पायांवर सारखं नव्हतं, एका पायावर गेलं होतं, आणि तिने ते सरावात करायची तसं सारखं केलं नाही.