बेस्ट ऑफ फाइव्ह

बारावीचा निकाल सोमवारी दुपारी एक वाजता लागला. पाच वाजता अवधूत घाडी आई, मामा आणि काखेत कॅरमबोर्ड घेऊन सीमा साळवीच्या स्टुडिओत आला. ही वेळ महिन्यापूर्वीच ठरवून ठेवली होती. अवधूत पास होणार याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती, शंका होती ती फक्त टक्क्यांबद्दल.

लालबागमधला हा स्टुडिओ सीमाच्या वडिलांचा. तिने स्वतः फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं आणि सहा वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत काढली होती. वडील गेल्यावर ती इथे बसू लागली. लोक पासपोर्टचे फोटोसुद्धा मोबाइलवर काढू लागले, तेव्हा तिने ‘पास पोर्ट्रेट’ सुरू केलं. दहावी-बारावी झालेल्या मुलाने यायचं, स्टुडिओचा काळा गाऊन आणि चौकोनी टोपी घालायची, आणि स्वतःच्या आवडीची एक वस्तू घेऊन फोटोला बसायचं. गाऊन एकच होता. तो सगळ्यांना बसावा म्हणून मागून उघडा ठेवलेला होता आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळला जाई. मुलांनी आतापर्यंत ताशा, प्रेशर कुकर आणि माशासकट काचेचं भांडं आणलं होतं. एका मुलीने धाकट्या भावाला आणलं. त्यानंतर सीमाने नियमांच्या कागदावर ‘वस्तू’ या शब्दाखाली रेघ मारली.

फोटोखाली सोनेरी पट्टी असे. तिच्यावर नाव, शाखा आणि टक्के. दोन वर्षांपूर्वी एका वडिलांनी मुलीचे अडुसष्ट टक्के शहाऐंशी म्हणून सांगितले होते. ते चुकून की मुद्दाम, हे सीमाने विचारलं नाही. पण तेव्हापासून ती फॉर्मवर बैठक क्रमांक आणि आईचं नाव लिहून घेई, आणि बोर्डाच्या साइटवर निकाल स्वतः पाहिल्याशिवाय पट्टी छापत नसे.

“पेढा घ्या मॅडम,” अवधूतचे मामा म्हणाले. हितेंद्र मेस्त्री परळच्या एका इस्पितळात स्टोअर सांभाळत असे आणि चाळीच्या मंडळाचा चिटणीस होता. “छप्पन्न पॉइंट चार शून्य. तो शून्यपण टाका. नाहीतर लोकांना वाटतं, आपण अंदाजे सांगतोय.”

“फॉर्म भरा आधी,” सीमा म्हणाली.

“भरतो. पण लवकर होईल ना? रविवारी मंडळाचा गुणगौरव आहे. पास झालेल्या सगळ्या पोरांचे फोटो फ्लेक्सवर. फ्लेक्स बनवणाऱ्या आमच्या अभयला आठच्या आत फोटो आणि टक्के पाठवायचेत. बारा पोरं आहेत यंदा. बारा!”

अवधूतची आई मालन भिंतीवरचे फोटो पाहत होती. ती मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला जाई. आज निकाल म्हणून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. “ताई, याच्या गालावर या पुळ्या आहेत, त्या काढता येतील?”

“येतील.”

“आणि थोडा उजळ?”

“नाही.”

मालनला हे बरोबर वाटलं असावं. तिने मान डोलावली.

सीमाने लॅपटॉपवर बैठक क्रमांक टाकला, आईचं नाव टाकलं आणि वाट पाहिली. निकालाच्या दिवशी साइट हळू चालते. मग पान उघडलं. इंग्रजी अठ्ठावन्न, मराठी चौसष्ट, गणित सत्तेचाळीस, फिजिक्स सत्तावीस, केमिस्ट्री बावन्न, बायोलॉजी एकसष्ट. फॉर्मच्या मागे हितेंद्रने हेच आकडे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. फिजिक्सच्या सत्तावीसवर मात्र काट मारली होती आणि उरलेल्या पाचांची बेरीज केली होती. दोनशे ब्याऐंशी, भागिले पाच. भागाकार अचूक होता.

पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. निकाल : फेल. त्याच्यापुढे टक्क्यांची जागा रिकामी होती.

सीमाने बैठक क्रमांक पुन्हा टाकला. आईचं नाव पुन्हा टाकलं. पान तेच आलं. तिने लॅपटॉप मिटला आणि अवधूतकडे पाहिलं. तो कॅरमबोर्डच्या कडेचा सुटलेला खिळा अंगठ्याने आत दाबत होता.

“चल,” ती म्हणाली, “गाऊन घालू.”

पडद्यामागे तिने त्याला पाठमोरं उभं केलं आणि चिमटे लावायला सुरुवात केली. बाहेर हितेंद्र फोनवर कुणाला तरी छप्पन्न पॉइंट चार शून्य सांगत होता.

“वरचे मार्क सांगितलेस, खालची ओळ सांगितली नाहीस,” सीमा हळू आवाजात म्हणाली.

अवधूत पाठमोराच म्हणाला, “मामा म्हणाले, मार्क वाच. मी वाचले. सहाच्या सहा बरोबर वाचले, काकू. खोटं एक पण नाही.”

“आणि ओळ?”

“तोपर्यंत मामांनी भागाकार केला होता.”

“मग?”

“मग ते ओरडले, बेस्ट ऑफ फाइव्ह, छप्पन्न टक्के. आई पेढे आणायला खाली पण उतरली. तेवीस खोल्यांत वाटले. मी म्हटलं, आता सांगतो, आता सांगतो. मग पाच वाजले.”

सीमाने आणखी एक चिमटा लावला. दहावीला सहापैकी चांगले पाच विषय धरून टक्के काढतात. बारावीला सहाही धरतात, आणि सहाही विषयांत पास व्हावं लागतं. हितेंद्रच्या मुलीची, अक्षदाची, दहावी गेल्या वर्षी झाली होती. नियम त्याला पाठ होता. फक्त तो दुसऱ्या परीक्षेचा होता.

“तुम्ही सांगणार?” अवधूतने विचारलं.

“नाही. ते माझं काम नाही.”

“पट्टीवर काय टाकणार?”

“साइटवर आहे ते. छप्पन्न साइटवर नाही.”

“मग?”

“पट्टी मी शेवटी छापते. फोटोला पंधरा मिनिटं लागतील.” तिने घड्याळ पाहिलं. “तुझ्या मामांना आठपर्यंत वेळ आहे. पण साडेपाचला दुसरी मुलगी येणार आहे, आणि गाऊन एकच आहे.”

तो स्टुलावर बसला. सीमाने कॅरमबोर्ड त्याच्या मांडीवर उभा ठेवला, दिवा थोडा खाली घेतला आणि कॅमेऱ्यामागे गेली.

“ताठ बस,” हितेंद्र म्हणाला. “छाती पुढे. अरे हास ना, फेल झाल्यासारखा काय बसलायस!”

फ्लॅश पडला.

“डोळे मिटले,” सीमा म्हणाली. “पुन्हा.”

“ह्याच्या बाबांचा पण असाच, एक फोटो धड नाय,” मालन म्हणाली. बाबा बोटीवर होते. त्यांना निकाल मेसेजने गेला होता, आणि त्यांनी उत्तरादाखल हात जोडलेल्या अकरा आकृत्या पाठवल्या होत्या.

पुन्हा फ्लॅश पडला.

“मामा,” अवधूत म्हणाला, “बारावीला बेस्ट ऑफ फाइव्ह नसतं.”

“बोलू नकोस, तोंड हलतं.”

“नसतं, मामा.”

“कोण म्हणतो? आमच्या अक्षदाला होतं.”

“ती दहावी.”

“दहावीला आहे तर बारावीला का नसेल? बोर्ड एकच ना? मॅडम, तुम्ही सांगा. बोर्ड एकच आहे की नाही?”

“बोर्ड एकच आहे,” सीमा म्हणाली. “नियम वेगळे आहेत. बारावीला सहाही विषय धरतात.”

हितेंद्रने खिशातून पेन काढलं आणि फॉर्म उलटा केला. त्याने सहाही आकडे पुन्हा मांडले. “तीनशे नऊ,” तो म्हणाला. “भागिले सहा. एकावन्न पॉइंट पाच शून्य.” त्याने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. “हॅ! म्हणजे पाच टक्के गेले. एवढंच ना? अरे, मग त्यात तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे? सेकंड क्लास तेव्हाही होता, आताही आहे. मी अभयला कळवतो, एकावन्न पॉइंट पाच कर म्हणून.”

त्याने फोन काढला. अवधूतने सीमाकडे पाहिलं. सीमा लेन्स पुसत होती. लेन्स स्वच्छ होती.

“मामा, फिजिक्सला सत्तावीस आहेत.”

“माहीत आहे. मीच लिहिले.”

“पास व्हायला पस्तीस लागतात.”

हितेंद्रचा अंगठा फोनवर थांबला. त्याने पुन्हा फॉर्म पाहिला. सत्तावीसवर मारलेली स्वतःची काट पाहिली. मग तो आकडा जणू काटेखाली बदलला असेल अशा आशेने कागद दिव्यापाशी नेला.

“म्हणजे?” मालनने विचारलं. “म्हणजे काय?”

“नापास झालो, आई.”

“एका विषयात,” हितेंद्र म्हणाला.

“एका विषयात नापास म्हणजे पास काय?”

“नाय,” हितेंद्र म्हणाला.

“मग?”

मालन एरवी मुंबईचं मराठी बोलत असे, पण आता तिची भाषा थेट कणकवलीला गेली. “मेल्या, मगे तेव्हाच सांगूक काय झाला हुता तुका? तेवीस खोल्यांनी पेढे दिलंय मी! खालच्या जाईबाईक हात धरून सांगलंय, माझो झील सायन्सान पास झालो म्हणान!”

“सांगणार होतो.”

“कधी? फोटो भिंतीर लागल्यार?”

अवधूतने मान खाली घातली. टोपी पुढे सरकली आणि नाकावर अडकली. ती सरळ करायला त्याला हात मोकळा नव्हता. मालनने पुढे होऊन टोपी काढली, स्टुलाच्या कडेला ठेवली आणि त्याच्या कपाळाला चिकटलेले केस मागे सारले. ते सारताना जरा जोर लावला.

हितेंद्रने दरम्यान फोन लावला होता. आवाज नीट यावा म्हणून त्याने स्पीकर चालू केला. ही त्याची नेहमीची सवय होती.

“अभय, ऐक. आपल्या अवधूतचं नाव फ्लेक्सवरून काढ.”

“का रे भाऊ? आत्ता तर टाकलं. छप्पन्न पॉइंट चाळीस.”

“अरे... त्याचा फोटो नीट आला नाही. स्टुडिओवाल्यांचा काहीतरी प्रॉब्लेम आहे. कॅमेरा बिघडलाय.”

“कॅमेरा चालू आहे,” सीमा म्हणाली. “फोटोही नीट आलाय.”

“कोण बोललं?” अभयने विचारलं.

हितेंद्रने तिच्याकडे हात जोडून पाहिलं. सीमाने तेही पाहिलं, पण बोललेलं मागे घेतलं नाही. तेवढ्यात अवधूतने कॅरमबोर्ड खाली ठेवला, उठून मामाच्या हातातून फोन घेतला आणि तोंडाशी धरला. पाठीवरचे दोन चिमटे निसटून जमिनीवर पडले.

“अभयदादा, मी अवधूत. नापास झालोय. फिजिक्स. नाव काढ.”

पलीकडून माउसचा आवाज आला.

“काढलं,” अभय म्हणाला. “पण बारा चौकोन केलेत रे मी. एक रिकामा दिसतोय.”

“तिथे आमदारांचा टाक.”

“त्यांचे दोन आधीच आहेत.”

“मग तिसरा टाक.”

“बघतो,” अभय म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हितेंद्र बाकावर बसला. चिटणीस म्हणून त्याने आतापर्यंत सात गुणगौरव केले होते. यादीतून नाव कमी करायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि नाव घरचंच होतं. “मी उगाच भागलं,” तो म्हणाला. “अक्षदाच्या आईला काय सांगू आता?”

“भागाकार बरोबर होता म्हणून सांग,” मालन म्हणाली. तिची भाषा परत आली होती. मग सीमाकडे वळून तिने विचारलं, “ताई, पुन्हा परीक्षा कधी असते?”

सीमाने लॅपटॉप उघडून पाहिलं. “जूनच्या शेवटी पुरवणी आहे. फॉर्म दोन-तीन दिवसांत सुरू होतील. कॉलेजमधून भरायचे.”

“एकच विषय?”

“एकच.”

मालनने हे मनात नोंदवलं. “आणि फोटो? जो काढला तो?”

“दुसरा चांगला आलाय. गाऊनचा नको असेल तर तसाच एक काढते, बोर्ड घेऊन. पाच मिनिटं आहेत अजून.”

“काढा. आलोय तर काढा.”

सीमाने राहिलेले चिमटे काढले आणि गाऊन खुंटीला लावला. आत अवधूतने इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. त्याची कॉलर एका बाजूने वळली होती. ती तिने सरळ केली नाही, कारण आईने आधीच केली होती आणि ती पुन्हा वळली होती. तिने तीन फोटो काढले. कुणी कुणाला हसायला सांगितलं नाही.

“पट्टीवर काय लिहू?” तिने विचारलं.

हितेंद्रने पेन खिशात परत ठेवलं.

“नाव लिहा,” मालन म्हणाली. “अवधूत दिगंबर घाडी. तेवढं तर बरोबर आहे.”

सीमाने ते फॉर्मवर लिहिलं आणि फोटो शुक्रवारी न्यायला सांगितलं. मालनने पेढ्यांचं खोकं उचललं. त्यात चार पेढे उरले होते. तिने झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी ते पिशवीत घातलं.

“आता कसं करायचं?” ती म्हणाली. “पहिला मजला मी सांगते. दुसरा हितू सांगेल.”

“मी?” हितेंद्र म्हणाला.

“नको,” अवधूत म्हणाला. “दोन्ही मजले मी सांगतो. बाबांना पण.”

“तेवीस खोल्या आहेत. जेवायला उशीर होईल.”

“होऊ दे.”

दार उघडलं तेव्हा साडेपाचची मुलगी बाहेर उभी होती. तिच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट होती आणि सोबत वडील होते. कॅरमबोर्ड घेऊन दारातून निघायला वेळ लागत होता, म्हणून ती बाजूला झाली. निकालाच्या दिवशी कुणीही कुणालाही जे विचारतं तेच तिने विचारलं.

“किती पडले?”

अवधूतने मागे वळून आईकडे पाहिलं नाही.

“फिजिक्सला सत्तावीस,” तो म्हणाला.

मुलीने क्षणभर विचार केला. “आणि बाकीचे?”

“बाकीचे बरे आहेत,” अवधूत म्हणाला, आणि बोर्ड आडवा करून दारातून बाहेर पडला.