चार वाजताची खुर्ची

मित्रांनो, मी रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या एका घरातली जुनी वेताची खुर्ची आहे आणि सध्या फार वैतागलेली आहे. मला चार पाय आहेत, पण एकही चालत नाही. नाहीतर मी केव्हाच निघून गेले असते.

तात्यापाऱ्यातल्या हिरालाल नावाच्या कारागिराने मला विणले. भिजवलेला वेत ताणून आवळताना तो म्हणाला होता, "अस्सी किलो का आदमी भी तीस साल आराम से बैठेगा." मला केवढा अभिमान वाटला! रेल्वेच्या दवाखान्यात नर्स असलेल्या मीराबाईंनी मला घरी आणले, आणि माझ्यावर कोण बसले? धुतलेले कपडे. मग दप्तरे, भाजीची पिशवी, एकदा तर गरम कुकर. मीराबाईंना बसायला वेळच नव्हता. ड्यूटी, स्वयंपाक, चर्चच्या महिला मंडळाची कामे. प्रार्थनासुद्धा त्या कणीक मळता मळता उरकत. निवृत्त झाल्या तरी तेच.

पुढे त्यांचे यजमान वारले. त्यानंतरच्या एका रविवारी त्या चर्चमधून आल्या, माझ्यावरचा कपड्यांचा ढीग उचलून पलंगावर फेकला आणि धप्पकन बसल्या. मुलगी अपर्णा धावत आली.

"आई, बरं नाही वाटत काय?"

"बरं हाय. येशू चाळीस वर्षांपासून म्हणून राहिला, थकली असशील, माझ्यापाशी बस. अन् मी त्याले म्हणतो, थांब जरा, भांडे घासून येतो!"

तेव्हापासून रोज चार वाजता त्या माझ्यावर बसत. डोळे मिटलेले, तळहात मांडीवर उघडे. पंधरा मिनिटे. सोनिया आणि चिराग ही नातवंडे आधी खिदळली.

"नानी, क्या माँग रही हो?"

"काही मागत नाही. बसून राहिलो."

हळूहळू तीही त्यांच्या पायांशी हात उघडे ठेवून बसू लागली. दोन मिनिटांत चिरागला खाज सुटायची. "खाजव, अन् पुन्हा बस," एवढेच त्या म्हणत. एकदा आत दूध उतू गेले, तरी मीराबाई उठल्या नाहीत. मुलांनी ते पाहिले. त्यांना कुणी वेगळे काही शिकवले नाही.

गेल्या उन्हाळ्यात मीराबाई प्रभूकडे गेल्या. आता माझी दशा ऐका. अपर्णाने मला पुसले, माझ्यावर पांढरे कापड अंथरले, त्यावर आईचा फोटो ठेवला आणि फोटोला हार घातला. "नानीची खुर्ची हाय. कोणी बसायचं नाही." मोठा मानच मिळाला म्हणायचा! हिरालालने ऐंशी किलोंसाठी विणलेल्या वेतावर अर्ध्या किलोची चौकट!

आणि अपर्णा? धावतेच आहे. पडदे धुते, धुतलेले पुन्हा धुते. चार वाजले की हमखास आत भांडी आपटते. मुले दारात येतात, माझ्याकडे बघतात आणि आपापला मोबाइल घेऊन निघून जातात. इतक्या दुपारी बसून जे त्यांच्या अंगवळणी पडले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत सुटत चालले होते. मी वेताची नसते तर ओरडले असते.

परवा चार वाजता सोनियाने फोटो उचलून टेबलावर ठेवला आणि कापड ओढून काढले.

"काहून हात लावला?" अपर्णा आतून ओरडतच आली.

"मम्मी, नानी फोटो में थोड़ी बैठती थी. तुम बैठो."

"मले वेळ नाही. दूध ठेवलं हाय."

एरवी हिंदीशिवाय न बोलणारा चिराग हुबेहूब नानीच्या आवाजात म्हणाला, "थांब जरा, भांडे घासून येतो!"

अपर्णाला हसू फुटले. कितीतरी महिन्यांनी. हसता हसताच ती माझ्यावर बसली. माझा वेत करकरला. मुले तिच्या पायांशी बसली. बऱ्याच वेळाने तिच्या मुठी उघडल्या. तळहातांवर थेंब पडत राहिले, ते तिने पुसले नाहीत. आत दूध उतू जात होते. कोणी उठले नाही.

मित्रांनो, माझ्या डाव्या हाताचा वेत सुटला आहे, तेवढा बांधून घेतला तर बरे होईल. पण तुमच्या घरी कुणा गेलेल्या माणसाची अशी खुर्ची असेल, तर तिला हार घालू नका. तिच्यावर बसा. उतू जाईल ते जाऊ द्या.