ब्रेकला लिपस्टिक

सव्वीस वर्षं मी कारखान्यात गाड्यांना रंग मारला आणि एकदाही रंग निवडला नाही. फळ्यावर नंबर यायचा, आम्ही तो मारायचो. पांढरा आला की पांढरा, तो मरतुकडा बेज आला की बेज. घरातले रंग बायकोने, नोरीनने निवडले. भिंती, पडदे, माझे शर्टसुद्धा. म्हणून एलिझाबेथ गावातल्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी रंगाच्या फळीसमोर पाऊण तास ताटकळलो, तेव्हा काउंटरवरची पोरं एकमेकांना डोळे मारत होती ते मला दिसलं. मारा म्हटलं. तुमच्या जन्माआधी मी तुमच्या बापाची गाडी रंगवली आहे.

रंगवायचे होते माझ्या जुन्या पांढऱ्या सेडानचे पुढचे दोन ब्रेक-कॅलिपर. चाकाच्या आत चकतीला चिमट्यासारखं धरून गाडी थांबवतं ते ओतीव लोखंड. चाकाच्या आऱ्यांमधून ते दिसतं, आणि माझं गंजून विटकरी झालं होतं. आता चाकाच्या आत डोकावून बघणार कोण? लिंडसे ट्रॉट.

लिंडसे कारखान्यात ब्रेकच्या लाइनवर होता, मी रंगखात्यात. कारखाना बंद झाल्यावर आम्ही जुने लोक महिन्याच्या पहिल्या रविवारी मैदानावर आपापल्या गाड्या घेऊन जमायचो. बॉनेट उघडून ठेवायचं, मागे घडीची खुर्ची टाकायची, पावात सॉसेज-कांदा खायचा आणि दुसऱ्याच्या गाडीतल्या चुका काढायच्या. गाडी चांगली आहे असं तिथे कुणी म्हणत नाही. तसं कुणी म्हणालं तर समजायचं की त्याला तुमच्याशी बोलायचं नाही. लिंडसे सगळ्यांत आधी चाकापाशी वाकायचा. लाल कॅलिपर दिसला की त्याचं ठरलेलं होतं, "ब्रेकला लिपस्टिक लावून कुठे निघाला रे?"

नोरीन गेली तेव्हा तो आला होता. थडग्यापाशी माझा हात धरून उभा राहिला, आणि मला तेच बरं वाटलं. आठ महिन्यांनी सुपरमार्केटात ब्रेडच्या फळीपाशी तो माझ्या समोरून आला. दोन हातांच्या अंतरावर. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेला. मी हाक मारली नाही. का मारू? बायको मेलेल्या माणसाला लोक टाळतात हे मला तोवर चांगलं कळलं होतं. त्या रविवारी मी मैदानावर गेलो नाही. पुढच्याही नाही. तीन वर्षं झाली. एकाचाही फोन आला नाही. सव्वीस वर्षं एका कॅन्टीनमध्ये जेवलेली माणसं, हरामखोर सगळी.

मग यंदा जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, एकदा संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी पाच दिवसांत तोंडातून शब्द काढलेला नाही. किटली उकळली तेव्हा "हो, हो" म्हणालो आणि स्वतःच्याच आवाजाला दचकलो. ठरवलं, येत्या रविवारी जायचं. आणि लिंडसे वाकला तर त्याला गंज दिसता कामा नये.

कुठला रंग टिकणार हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. साधा स्प्रे घेतला तर ब्रेक ऑइलचा एक थेंब त्याला सालीसारखा सोलून काढतो. इंजिनचा रंग उष्णता सोसतो, पण ऑइलपुढे त्याचीही तीच गत. खास कॅलिपरसाठीचा, रंग कडक करणारं हार्डनर मिसळून ब्रशने लावायचा डबा येतो, तोच घ्यायला हवा. राहिला प्रश्न लाल, पिवळा, निळा की काळा. तेवढ्यासाठी मी त्या आठवड्यात चार वेळा दुकानात गेलो.

खरं सांगतो, रंगासाठी गेलो नाही. काउंटरवर शनेल नावाची बाई होती, चाळिशीची, हातावर माशांचं गोंदण. ती मला विचारायची. गाडी कुठली, किती चालली, तुम्हाला स्वतःला काय आवडतं. मला काय आवडतं हे कुणी विचारून किती वर्षं झाली होती ते मला आठवेना. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "क्लाइव्ह, आज डबा नेताय, की नुसतं फळीला भेटायला आलात?"

मी लाल उचलला.

मला लाल आवडत नाही. पण काळा लावला तर लिंडसे वाकेल, बघेल आणि पुढे जाईल. लाल लावला तर त्याला तोंड उघडावंच लागेल. टोमणा तर मारेल.

शुक्रवारी कॅलिपर काढले, तारेच्या ब्रशने घासले, धुतले, रंगाचे दोन हात दिले. लाल असा चढला की मीच बघत राहिलो. पण शेडमध्ये नऊ अंश थंडी. अशा थंडीत रंग आठवडाभर चिकट राहतो. आता ब्रेकवाला माणूस काय करेल? वाट बघेल. रंगखात्यातला माणूस वाट बघत नाही. आमच्याकडे रंग मारलेली वस्तू भट्टीतून जायची, तिथे दुसरा विचारच नव्हता. मी दोन्ही कॅलिपर नोरीनच्या ओव्हनमध्ये ठेवले, एकशे ऐंशीवर, तासभर. ती असती तर तिने मलाच आत घातलं असतं.

तासाने घरभर जळक्या रबराचा वास. रंग काचेसारखा बसला होता. पण कॅलिपरच्या पोटात, पिस्टनभोवती रबरी सील असतात आणि ते आधी काढायचे असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या भट्टीत रबर कधी आलंच नव्हतं, ते पुढच्या लाइनवर बसायचं. बाहेरचं रबर बोट लावताच बिस्किटासारखं तुटलं. आतलंही गेलंच असणार. असे ब्रेक लावून गाडी काढणं म्हणजे कुणाला तरी चिरडणं. गाडी जॅकवर, रविवार परवा. मी जमिनीवर बसलो आणि कुणाला तरी शिव्या घालाव्यात म्हणून माणूस शोधला, तर घरात कुणी नव्हतं.

नोरीनच्या वहीत तिच्या अक्षरात लिंडसेचा नंबर होता. लावला.

"कोण?"

"क्लाइव्ह."

मग म्हणाला, "क्लाइव्ह गॅरिटी? मला वाटलं तू मेलास."

मी भडाभडा ओव्हनचं सांगितलं.

"सील न काढता भाजलेस? अरे गाढवा, सव्वीस वर्षं कारखान्यात होतास, की फवारा धरून झोपायचास?"

मला हसू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. राग तसाच बाहेर पडला. ब्रेडच्या फळीचं सगळं बोलून टाकलं. तोंडाकडे बघून गेलास, म्हटलं, मी काय भिंत होतो?

"कधीची गोष्ट?" त्याने विचारलं. मी महिना सांगितला. मला तो तारखेसकट पाठ होता.

"तेव्हा सुरू झालं होतं," तो म्हणाला. "मला मधलं दिसत नाही रे. कडेकडेचं दिसतं. फळी दिसते, ट्रॉली दिसते, समोर उभा असलेला माणूस तेवढा पुसला जातो. मलाच तेव्हा कळलं नव्हतं काय होतंय. तू हाक का नाही मारलीस?"

मी विषय बदलला, गाडी अजून चालवतोस का, विचारलं.

त्याचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी गेलं. तेव्हापासून तोही मैदानावर जात नाही. त्यालाही कुणाचा फोन आला नाही. माझाही नाही.

"रंग कोणता लावलास?"

"लाल."

"लिपस्टिक," तो म्हणाला. मग पुढे, "मला आता लाल काय नि काळा काय. सीलचा संच घेऊन ये. बोटांनी बसवतो. ते अजून जमतं."

शनिवारी शनेलने संच काढून दिला आणि ओव्हनचं ऐकून काउंटरवर डोकं टेकून हसली. रविवारी मी कॅलिपर जुन्या टॉवेलात गुंडाळले, नोरीनच्या चाकं असलेल्या बाजाराच्या पिशवीत ठेवले आणि लिंडसेकडे जायला गॉलरची ट्रेन धरली. त्याच वेळी मैदानावर बॉनेटं उघडली जात असतील. डब्यात माझ्याशिवाय एक झोपलेला माणूस होता. पिशवी वळणावर घरंगळू नये म्हणून मी ती पायांत धरून बसलो.

लिंडसेने दार उघडलं. म्हातारा झालाय. चेहरा माझ्याकडे, पण नजर कुठेच नाही, ब्रेडच्या फळीपाशी होती तशीच.

मी एक पाऊल बाजूला सरकलो, दाराच्या चौकटीला लागून.

"हां," तो म्हणाला, "आता दिसलास."