कोरडं

वसंताने बैलगाडीत स्वच्छ धोतर दुहेरी करून अंथरलं, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले आणि पहिल्या घरच्या भाकरी त्यावर पालथ्या घातल्या. वाफ अजून जिरली नव्हती. धोतराला लगेच ओल धरली.

"पालथ्या नको घालू रं," पुढून कारभारीकाका म्हणाले. "पापुद्रा वर पाहिजे. कोणत्या बाईचा हात हाय ते मी पापुद्र्यावरून सांगतो."

"आणि पंगतीत?"

"पंगतीत कशाचं आलंय. गाडीत पडली की भाकर कोणाचीच न्हाई. देवाची."

काल्याचा दिवस होता. सप्ताहाचा शेवटचा. देवळावरच्या कर्ण्यातून महाराजांचं कीर्तन साऱ्या गावावर पडत होतं, आणि कारभारीकाका बैल हाकता हाकता जुवावर बोटांनी मृदंगाचा ठेका धरत होते. वीस वर्षं झाली, सप्ताहाची भाकरी गोळा करायचं काम त्यांच्याकडेच होतं. ते काम त्यांनी कधी कुणाला दिलं नाही आणि त्यासाठी कधी पायात चप्पल घातली नाही. पुतण्या पहिल्यांदाच आपण होऊन गाडीवर आला, याचं त्यांना भारी कौतुक वाटत होतं. त्याच्या काखेतल्या फायलीचं मात्र तेवढं नव्हतं.

द्वारकाबाईंनी बारा भाकरी दिल्या. वसंताने फाईल उघडून आकडा लिहिला, तशी म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लिही बाबा, लिही. मागं एक जण असंच लिहून घेऊन गेल्ता. आठ दिवसांनी आमच्या म्हाताऱ्याला नसबंदीच्या ऑपरेशनला बोलवायला जीप आल्ती."

"हे कॉलेजचं आहे आजी. समाजशास्त्राचं."

"त्याला काय होतंय?"

"काय न्हाई. समजतं नुसतं."

"मंग बरंय," म्हातारी म्हणाली. "समजायला काय, समजू दे."

वसंता तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. अभ्यासापेक्षा त्याचं नाव कबड्डीत जास्त. डावा कोपरा त्याचा, आणि साखळीत त्याचा जोडीदार कचरू. दोघं एकाच गावचे. समोरचा गडी चढाईला आला की दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून मागे मागे सरकायचे. कचरूने तळव्यावर अंगठा दाबला की वसंताने घोट्याकडे झेप घ्यायची आणि त्याच क्षणी कचरूने वरून कंबर धरायची. एकाने झेप घेतली आणि दुसरा जागेवर राहिला, तर गडी सुटतोच. दोन वर्षांत दोघांपैकी कुणी जागेवर राहिलं नव्हतं.

समाजशास्त्राचे भालचंद्र सर शहरातून एसटीने यायचे. 'वंश आणि जात' हा धडा काढला त्या दिवशी त्यांनी कबड्डीचा संघ मैदानावरून होता तसा वर्गात बोलावला. सातही जण घामात आणि मातीत लडबडलेले.

"पूर्वी विद्वान लोक नाकं मोजायचे, डोकी मोजायचे," सर म्हणाले, "आणि त्यावरून वंश ठरवायचे. सांगा बघू, ह्यातला कोण कोणता?"

वर्ग हसला. कुणाला काही सांगता आलं नाही. मातीखाली सगळे एकाच रंगाचे होते. वसंताला तो धडा फार आवडला. त्याला वाटलं, एवढंच तर आहे, आणि आपल्याला ते आधीपासून ठाऊक आहे.

मग सरांनी छापील तक्ते वाटले. "मैदानावरचं मला नको. आपापल्या गावातला एक सार्वजनिक कार्यक्रम धरा. कोण काय देतं, कोण काय घेतं, तेवढं लिहून आणा. उत्तर सुचवायचं नाही. विचारायचं आणि गप्प बसायचं."

तक्ता घेऊन वसंता मागच्या रविवारी गावभर फिरला होता. चाळीस घरं. आज गाडीबरोबर फिरून सांगितलेलं आणि दिलेलं जुळतं का, तेवढंच पाहायचं होतं.

मारुतीच्या पारापाशी गाडी डावीकडे वळली. पुढे ओढा, आणि ओढ्याच्या अलीकडे मातंगांची दहा-बारा घरं. काकांनी बैल थांबवले. खाली उतरून त्यांनी भाकरींवर दुसरं धोतर नीट ओढलं, कडा आत खोचल्या आणि बैठकीखालून एक रिकामं पोतं काढून वसंताच्या हातात दिलं.

"हे कशाला?"

"पुढं कोरडं हाय."

"कोरडं म्हंजी?"

"दाणे रं. जवारी, डाळ, जे आसंल ते. तिकडून आपण कोरडं घेतो."

"भाकर न्हाई?"

"भाकर ओली असती बाबा," काका म्हणाले. पावसाळ्यात रान ओलं असतं, असं सांगावं तसं. आणि परत जुवावर बोटं वाजवू लागले.

वसंताने फाईल उघडली. उघडायची गरज नव्हती, पान त्याला पाठ होतं. चौदावा तक्ता. गिरिजाबाई, कचरूची आई. प्रश्न : सप्ताहाला घरून काय देता? भाकरी असल्यास किती? आणि पुढे त्याच्याच अक्षरात, एकवीस.

रविवारी ती ओट्यावर जवारी निवडत बसली होती. त्याने प्रश्न वाचला तेव्हा तिचा हात थांबला होता.

"भाकरी?" तिने विचारलं होतं. "किती लागत्यात?"

आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे तो म्हणाला होता, "तुम्हीच सांगा मावशी. तुम्हाला जेवढ्या द्यायच्या तेवढ्या."

तिने पदराने तोंड पुसलं होतं. मग म्हणाली, "एकवीस लिही." कचरू आतून म्हणाला होता, "माय, तो नुसतं इचारून राह्यला." त्यावर ती त्यालाच बोलली होती. "उगं आसंल का? कागदावर छापलंय ते. आजवर कोणी इचारलं व्हतं का?"

त्याला तेव्हा हे सगळं एका चांगल्या नोंदीसारखं वाटलं होतं. हॉस्टेलवर कचरूच्या डब्यातल्या निम्म्या भाकरी तोच खायचा. तिच्या हातची भाकरी गाडीत पडत नसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लहानपणापासून ही गाडी तो पाहत आला होता, पण पारापर्यंतच.

"काका," तो म्हणाला, "गिरिजामावशीनं भाकरी केल्या असतील."

"तिला कोणी सांगितलं?"

वसंताने फाईल मिटून काखेत धरली. काकांनी त्याच्या काखेतल्या फायलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि बैलांना हाक दिली.

ती ओट्याखाली उतरून उभी होती. डोक्यावरून न्हालेली, केस अजून ओले, लुगडं सणाचं. हातात टोपली, टोपलीवर स्वच्छ फडकं. शेजारी कचरू. आजूबाजूच्या घरांतल्या बायकाही आपापल्या दारांत आल्या होत्या. त्यांच्या हातांत सुपं होती. त्या गिरिजाबाईकडे पाहत होत्या.

कर्ण्यावर महाराज गोकुळातल्या सवंगड्यांपर्यंत आले होते. कुणाची शिदोरी कशाची, कुणाची कशाची, आणि देवाने सगळ्यांच्या शिदोऱ्या सोडल्या आणि एकत्र कालवल्या. मृदंगाने जोर धरला. गिरिजाबाईने ऐकता ऐकता मान डोलावली आणि फडकं काढलं.

कारभारीकाकांनी वाकून पाहिलं. खरोखरच पाहिलं, टोपलीवर मान आणून. एकवीसही भाकरी एका मापाच्या, चंद्रासारख्या गोल, पापुद्रा फुगून बसलेला.

"गिरजे, लई झाक केल्यास माय," ते म्हणाले. आवाजात लबाडी नव्हती. "कवा उठलीस?"

"लवकरच उठले."

"पण कोरडं दे माय."

तिने टोपली तशीच पुढे धरून ठेवली.

"पाच गावचे लोक बसत्यात पंगतीला. कोणी पान सारून उठलं, तर देवाच्या कामात इघ्न. मला एकट्याला काय, मी हितंच बसून खाल्ली असती. पण गाडी माझी एकट्याची न्हाई ना."

"वसंता," कचरू म्हणाला. "तूच इचारल्तं ना?"

वसंताने होकारार्थी मान हलवली.

कचरूने आईच्या हातातून टोपली घेतली आणि पुढे येऊन गाडीच्या चाकावर टेकवली. एका हाताने धरून ठेवली. दुसरा हात मोकळा होता. तो वसंताकडे पाहत होता, रागाने नव्हे, जसा मैदानावर पाहायचा तसा. टोपली वर उचलून घ्यायला वसंताला फक्त वाकायचं होतं. धोतर सारायचं आणि पालथी करायची. एकदा भाकर भाकरीत मिसळली की कारभारीकाकांनाही वेगळी काढता आली नसती. पापुद्र्यावरून ओळखली असती तरी नसती.

घोट्याकडे झेप घेताना त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. अंग आपोआप जायचं. आता त्याला आपले गुडघे दिसत होते, हातातलं पोतं दिसत होतं, तिकडे सप्ताहाच्या मंडपात वीणा गळ्यात घेऊन उभा असलेला आपला बाप दिसत होता, आणि अंग कुठेच जात नव्हतं. एका बैलाने मान झटकली. घुंगरं वाजली. कचरूने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग टोपली उचलली, ओट्यावर नेऊन ठेवली आणि मागे न पाहता ओढ्याकडे निघून गेला.

गिरिजाबाई घरात गेली. ती रडायला गेली असं वसंताला वाटलं. पण ती लगेच बाहेर आली. हातात सूप होतं, सूपभर जवारी. पाखडलेली, निवडलेली, खडा नाही की काडी नाही.

"धर पोतं," ती म्हणाली.

त्याने पोत्याचं तोंड उघडलं. दाणे सरसरत आत गेले.

"कालच निवडून ठेवल्ती," ती हळूच म्हणाली, त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढंच. "दोन्ही केलं व्हतं. त्यांना लागंल ते नेतील म्हणलं."

काकांनी पोत्याला हात लावून तो कपाळाला लावला. "राम कृष्ण हरी, माय." बाकीच्या बायका एक एक करत पुढे आल्या. सुपं रिकामी झाली.

"काका, तुम्ही व्हा पुढं," वसंता म्हणाला. "मी येतो."

"जल्दी ये. वाढायला तुलाच लावलंय."

गाडी पाराकडे वळेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग ओट्यावर येऊन बसला. टोपली हातभर अंतरावर होती. गिरिजाबाई तिच्यावर परत फडकं घालत होती, कडा आत खोचत होती.

"मावशी, भूक लागली. एक भाकर द्या."

तिने हात थांबवला नाही. "ह्यातली न्हाई."

"का?"

"ह्या तुझ्या न्हाईत बाबा. तू तर कवाबी खातोस. ह्या पंगतीच्या नावानं थापल्यात मी."

"मंग आता काय करणार त्यांचं?"

"बघू," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुला भूक लागली आसंल तर येगळी टाकते."

त्याला नको म्हणायचं होतं. ती आत गेली, विझत आलेली चूल फुंकली, काटवटीत पीठ घेतलं. एका भाकरीपुरतं. थापण्याचा आवाज येत राहिला. तवा तापायला वेळ लागला. मग तिने ताटलीत भाकर, वर लाल तिखट आणि त्यावर तेलाची धार घालून ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

त्याने खाल्ली. ती समोर बसली होती, म्हणून सगळी खाल्ली.

मंडपात जयजयकार झाला. मृदंग थांबला. कर्ण्यातून महाराजांच्या जागी दुसरा आवाज आला, सरपंचांचा असावा. समद्यांनी पंगतीला बसून घ्यावं, बाया-माणसं, लेकरंबाळं, कोणी मागं राहू नये.

"ऊठ," गिरिजाबाई म्हणाली. "तुला वाढायला जायचंय ना?"

रांजणातून तिने तांब्या भरून आणला आणि ओट्याच्या कडेला उभी राहिली.

"हात धू."

त्याने हात पुढे केले. ती बारीक धार सोडत राहिली. त्याने हात एकमेकांवर चोळले आणि झटकले.

"नीट धू. बोटांच्या मधी तिखट राह्यलंय."

त्याने परत धुतले.

"तोंडबी."

त्याने ओंजळीत पाणी घेऊन तोंड धुतलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं. ती एक पायरी खाली आली. मान तिरकी करून तिने त्याचं तोंड निरखून पाहिलं, ओठांच्या कडा, हनुवटी, सदऱ्याची गुंडी. कुठे कणभरही राहिलेलं नाही अशी खात्री झाल्यावरच बाजूला सरकली.

"जा आता," ती म्हणाली. "काई दिसत न्हाई."