माहेरची बेबाकी

चिमणाबाईला डंका विकायचा होता आणि शांतादेवीला तो घ्यायचा होता. एवढी सरळ गोष्ट. पण सरळ गोष्ट सरळ होऊ दिली तर ती माणसं कसली!

कळंब्याच्या रस्त्याला चिमणाबाईचा चटणी कांडायचा डंका. नवरा गेल्यापासून शांतादेवी तिथं रोजावर होती. नाकातोंडाला पदर बांधून गावाच्या मिरच्या कांडायच्या, लसूण-खोबरं भाजून घालायचं, आणि संध्याकाळी हाताची आग व्हायची म्हणून भाकरी थापायच्या आधी घटकाभर ताकात हात बुडवून बसायचं. चिमणाबाई आता थकली होती. ती म्हणाली, "शांते, मी लेकीकडं चंदगडला जाणार. डंका दुसऱ्या कुणाला द्यायचा न्हाई, तुलाच द्यायचा. पर रोख पायजे बघ. उधारी मला जमत न्हाई."

आपला डंका! शांतादेवीला त्या रात्री हाताची आगसुद्धा जाणवली नाही. दुसऱ्याच दिवशी ती इरकल नेसून पतसंस्थेत गेली. मॅनेजर दत्तप्रसाद सभ्य माणूस. त्यानं बसायला खुर्ची दिली, रजिस्टर चाळलं आणि मान खाली घालून म्हणाला, "शांताबाई, तुमचं नाव थकबाकीत आहे."

"माझं? मी कवा काढलं कर्ज?"

"तुम्ही नाही काढलं. भावानं काढलं. तुम्ही जामीनदार."

राजशेखर तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा याला कडेवर घेऊन हिनंच वाढवला. ती त्याला तम्मा म्हणायची, तो तिला अक्का. सात वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीतला माल वाहायला त्याला टेम्पो घ्यायचा होता. "अक्का, एक सही पायजे," म्हणाला, आणि ही जेवायला बोलावल्यासारखी हसत गेली. टेम्पो दोन वर्षं पळाला. मग यानं तो परस्पर विकून टाकला आणि हप्ते बंद केले. घर बायकोच्या नावावर, त्यामुळं जप्तीला हाताला काही लागेना. नोटिसा आल्या की पठ्ठ्या पाहुण्यांकडं निघून जायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

"सगळ्या पतसंस्था, बँका एकमेकांना विचारतात," दत्तप्रसाद म्हणाला. "हे खातं मिटल्याशिवाय तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही. ते मिटवा, काही बाकी नाही असा बेबाकी दाखला निघू दे, मग तुमची केस मी स्वतः मीटिंगपुढं ठेवतो."

ती भावाकडं गेली. "भरतो की अक्का," तो म्हणाला, "एवढा गुळाचा हंगाम होऊ दे." हंगाम झाला. गूळ संपला, पुन्हा ऊस उभा राहिला, तरी याचा हंगाम काही होईना.

शेवटी तिनं पाटल्या मोडल्या आणि भरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी खिडकीतल्या कारकुनानं भरणाऱ्याचं नाव विचारलं. मागं दत्तप्रसाद उभा होता. तो म्हणाला, "बाई, तुमचं नाव घाला. जामीनदारानं भरलं अशी नोंद राहते. उद्या तुमच्याच उपयोगी पडेल."

"नको साहेब, तम्माचंच घाला. बहिणीनं फेडलं म्हणून कळलं तर सासुरवाडीत काय तोंड दाखवंल त्यो?"

आता काय म्हणावं या बाईला! माहेरच्या शेतातला वाटा मागायचा नाही, हक्कसोडावर न वाचता सही ठोकायची, आणि वर भावाची अब्रू आपल्या पदराखाली झाकायची. आमच्या बायकांना हे कोण शिकवतं, देव जाणे. शिकवतं मात्र पक्कं. पुढची तीन वर्षं ती दर महिन्याला त्या खिडकीशी उभी राहिली आणि दर पावतीवर भावाचं नाव घालून घेतलं. चहा सोडला. दिवसा डंका, संध्याकाळी दोन घरच्या भाकऱ्या. चिमणाबाई करवादायची, "अगं, किती थांबू मी? लेक बोलवायची दमली!" आणि तरी थांबायची.

खातं मिटलं. त्या वर्षीच्या सभेत पतसंस्थेनं नवीनच टूम काढली होती, जुनी थकबाकी पुरी फेडणाऱ्या सभासदांचा सत्कार. शांतादेवी बायकांच्या बाजूला बसली होती. स्टेजवरून नाव पुकारलं, "श्री. राजशेखर!" आणि तम्मा उठला की! डोक्याला फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. माईक हातात आला तेव्हा तरी त्याची जीभ अडखळावी? छे! "कष्ट केलं, पोटाला चिमटा घेतला, पर संस्थेचा पैसा बुडवला न्हाई," म्हणाला. "माणसानं नाव जपलं पायजे." टाळ्यांचा कडकडाट. शेजारची बाई म्हणाली, "तुमचा भाऊ न्हवं?" शांतादेवीनं व्हय म्हटलं आणि तिनंही टाळी वाजवली. खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरंच वाटलं. लगेच तिनं हात पदराखाली ओढले, पण तोवर टाळी वाजून गेली होती.

त्याच महिन्यात राजशेखरला नव्या टेम्पोचं कर्ज मंजूर झालं. आयत्या बिळावर नागोबा.

शांतादेवीची केस पुढच्या मीटिंगला निघाली. दत्तप्रसादनं तिला बोलावून घेतलं. त्याचा चेहराच सांगत होता. "संचालक म्हणतात, खातं इतकी वर्षं थकलं, पण जामीनदार बाईनं एक रुपया भरल्याची नोंद नाही. अखेर कर्जदारानंच फेडलं. अशा बाईला कर्ज द्यायचं तर पक्का जामीनदार हवा."

"तुमास्नी ठावं हाय की, साहेब! तुमच्याच डोळ्यादेखत भरलंय."

"मी सांगितलं सगळं. ते म्हणाले, पावत्या दाखवा." त्यानं रजिस्टर मिटून बाजूला सारलं. "भावाला घेऊन या. त्याचं नाव आता चांगलं आहे. त्याची सही चालेल, असं अध्यक्ष स्वतः म्हणालेत."

तिथून ती तडक राजशेखरच्या घरी गेली. दारात नवा टेम्पो उभा, त्याला लिंबू-मिरची बांधलेली. भावजयीनं, विद्याश्रीनं, पाणी दिलं. शांतादेवीनं उभ्याउभ्याच सांगितलं, "तम्मा, एक सही पायजे. डंक्याच्या कर्जाला. चिमणाबाई दोन दिवस थांबणार हाय, जास्ती न्हाई."

राजशेखरनं बायकोकडं बघितलं. बायकोनं भिंतीकडं बघितलं.

"अक्का, दुसरं काय बी माग," तो म्हणाला. "जामीन तेवढं नको. जामीन ऱ्हायलेल्याचं काय हुतं, ते तुझंच बघितलं की आमी."

लाज नाही, चेष्टा नाही. अगदी कळवळून बोलला मेला! शहाणपणाची गोष्ट सांगावी तसा.

"माझं काय झालं ते कुणामुळं झालं रं?" तिचा आवाज फुटला. "तुझं तीन वर्षं फेडलं मी! माझ्या पाटल्या गेल्या!"

"मी भर म्हटलो हुतो काय? तूच भरलंस. आता गल्लीत बोंब कशाला?" तो उठून दार लोटायला गेला, लोकांनी ऐकू नये म्हणून. "हळू बोल. आता नाव हाय माझं."

तिला त्याला थोबाडावं वाटलं. लहानपणी थोबाडलं असतं. ती बाहेर आली, आणि विद्याश्री मागून "पंचमीला या हं" म्हणाली तेव्हा तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

डंका गडहिंग्लजकडच्या एका माणसानं रोखीनं घेतला. जाताना चिमणाबाई रडली, हिच्या गळ्यात पडली, शिव्याही दिल्या. पोट कुणासाठी थांबत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी शांतादेवी पदर बांधून पुन्हा कामाला हजर झाली. नवा मालक माणूस वाईट नव्हता, पण गावात नवखा. गल्ला उघडा असतो, माल लोकांचा असतो, चौकशी करणारच.

"कामाचं चिमणाबाईंनी सांगितलंय," तो म्हणाला. "पर तुमच्याबद्दल शब्द टाकणारं कोल्हापुरात कोण हाय? माहेरचं, भाऊबिऊ?"

शांतादेवीनं मिरचीचं पोतं सोडलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मला भाऊ न्हाई."